गॅरेजचे पत्रे आणि क्वार्टरची चिठ्ठी

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी आमच्या घराशेजारी पत्र्याचं गॅरेज बांधलं. गवंडी नाही, सुतार नाही, माझ्या दोन हातांनी. मोहोपाड्याच्या एका केमिकल कारखान्यात मी फिटर होतो. चौक नावाच्या गावाजवळच्या आमच्या खेड्यातून रोज सायकल मारत जायचं, सातला कामावर हजर व्हायचं, तीनला सुटायचं. घरी येऊन चहा घेतला की माणसं ओटीवर टेकतात. मला टेकता यायचं नाही. हाताला काही नसलं की मी दाराची बिजागरी खोलून पुन्हा बसवायचो.

गॅरेज कशाला, तर जीपला. खोपोलीच्या एका ठेकेदाराच्या आवारात ती पडून होती. इंजिन बंद, टायर बसलेले, मागच्या सीटच्या जागी गवत उगवलेलं. ओळखीच्या ट्रकमागे बांधून ती हमरस्त्यापर्यंत आणली आणि तिथून गावापर्यंतच्या कच्च्या वाटेनं बाच्या बैलांनी ओढली. बा कासरा धरून पुढे चालत होता. मी आत बसून स्टिअरिंग सांभाळत होतो. बायका विहिरीवरून बघत होत्या. बा मागे वळून म्हणाला, "बैलांनी लय कामं केली रं माझी, पन असं काम नाय केलं कदी."

माझ्या बायकोनं जीपला हळदकुंकू लावलं. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "ही चालणार कधी?"

"पावसाळाभर काम केलं की चालेल."

"पावसाळाभर कुठं करणार काम? अंगणात?"

म्हणून गॅरेज.

ती कर्जतची. तिचे वडील रेल्वेत होते, त्यामुळे ती रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढली होती. घरात नळ, खोलीत दिवा, दवाखाना हाकेच्या अंतरावर. लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा तिला विहिरीवर दोर सोडता येत नव्हता. महिन्याभरात शिकली. कुरकुर केली नाही, पण मुलगी झाल्यावर एक दिवस म्हणाली, "तुमच्या कंपनीच्या कॉलनीत क्वार्टर मिळतात ना? अर्ज तरी करा." मी अर्ज केला. माझ्या पुढे बरीच नावं होती, म्हणून केला, असंही म्हणता येईल.

बा एकटा होता. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, बहिणी आपापल्या घरी. दोन एकर भात, बैलजोडी आणि मी. अर्ज केल्याचं मी त्याला सांगितलं होतं. तो "बरं" म्हणाला आणि विडी विझवून गोठ्यात गेला. त्या "बरं"चा अर्थ लावत मी पुढची दीड वर्षं काढली.

मार्च उतरता मी खड्डे खणायला घेतले. घराच्या उगवतीला भाताचं खळं होतं, ती जागा बानंच दाखवली. "खळं मागं करू," म्हणाला. सहा खांब लोखंडी पाइपाचे, छपराच्या कैच्या अँगलच्या. खोपोलीच्या भंगारवाल्याकडून तुकडे निवडून आणायचे, सायकलला आडवे बांधायचे आणि रस्त्याच्या कडेनं चालत यायचं. घरी वीज होती ती एका दिव्यापुरती, म्हणून वेल्डिंगचा विचार सोडला. हातड्रिलनं भोकं पाडून सगळं नटबोल्टवर उभं केलं. एक खांब चार बोटं आत बसला होता. कुणाला दिसलंही नसतं. मी तो दोन दिवसांनी भोवतीचं काँक्रीट फोडून उपटला आणि पुन्हा पुरला.

भिंतींना केमिकलच्या रिकाम्या ड्रमचे पत्रे. छिन्नीनं ड्रमचा तळ आणि झाकण कापायचं, उभा चिरायचा, उलगडायचा आणि लाकडी मोगरीनं ठोकून सपाट करायचा. तो आवाज साऱ्या आळीला ऐकू जायचा. हातांना उग्र वास यायचा, तो राखेनं घासूनही जात नसे. मुलगी माझ्याजवळ यायला बघायची नाही. माझी ठोकाठोक चालू असताना बायको डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन समोरून जायची. मे महिन्यात विहीर तळाला गेली होती, एका हंड्याला दहा-बारा वेळा पोहरा सोडावा लागे. ती माझ्याकडे बघायची नाही. मी बघायचो आणि जोरात ठोकायचो.

एकदा ती थांबली. "गाडीला घर झालं की नाही पुरतं?"

"छप्पर राहिलंय."

"बरं," ती म्हणाली. आमच्या घरात सगळे "बरं" म्हणायचे.

मेच्या पहिल्या आठवड्यात पाळी सुटताना टाइमकीपरनं मला खिडकीशी बोलावलं. "नशीबवान आहेस," म्हणाला आणि लिफाफा दिला. क्वार्टर मंजूर झालं होतं. दोन खोल्या, पहिला मजला. पंधरा दिवसांत लेखी होकार द्यावा, न दिल्यास पुढच्या अर्जदाराला देण्यात येईल.

मी सायकलवर बसलो. पाताळगंगेच्या पुलावर उतरून ती चिठ्ठी पुन्हा वाचली. मला आनंद झाला नाही, दुःखही झालं नाही. छातीत नुसती घाई झाली, कसली ते कळेना. बा एकटा राहील. जीप कुठं ठेवणार? छप्पर अर्धवट आहे. आणि हे सगळं खरं असलं तरी खरं कारण यातलं एकही नाही, हे मला तिथंच, पुलावर उभ्या उभ्या ठाऊक होतं. मला गावातून हलायचं नव्हतं आणि गावात राहायचंही नव्हतं.

आज संध्याकाळी सांगू, असं ठरवून घरी गेलो. गेल्यागेल्या बायको म्हणाली की मुलीला ताप आहे. मग उद्या सांगू. उद्या पत्रे आले. खोपोलीहून टेंपोनं नवे कोरे पन्हळी पत्रे, छपराचे. ते उतरवून घेण्यात दिवस गेला. चिठ्ठी मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली होती. त्या डब्यात पत्रा अँगलला आवळायचे वाकडे बोल्ट असायचे, त्यांना आम्ही हूक म्हणायचो. तो डबा माझ्याशिवाय कुणी उघडत नसे.

रोज कामावर निघताना वाटायचं, आज होकार लिहून देऊ. रोज ऑफिसच्या दारापर्यंत जायचो आणि पाणी पिऊन परत यायचो. घरी आल्यावर शर्ट न बदलता कैचीवर चढायचो. जेवताना बायको विचारायची, "एवढं कसलं डोक्यात असतं तुमच्या?" मी म्हणायचो, "पत्र्याचा उतार." बा ताटातून वर बघायचा आणि पुन्हा जेवायला लागायचा.

छपराचे शेवटचे तीन पत्रे राहिले तेव्हा माझी आठवड्याची सुट्टी होती. सकाळपासून माणिकगडाच्या बाजूनं वारा सुटला होता. थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. बायकोला म्हटलं, जरा खाली उभी राहा, हूक हातात देत जा. मुलीला बाजवळ सोडून ती शिडीशी आली. पहिला पत्रा बसला. दुसरा मी वर ओढून घेतला, एका टोकाला दोन हूक आवळले आणि दुसऱ्या टोकावर गुडघा ठेवून बसलो. हातातले हूक संपले.

"हूक दे."

"संपले खालचे."

"डब्यात आहेत. बिस्किटांच्या. आतल्या कोनाड्यात बघ."

ती गेली. मी वाऱ्याकडे बघत होतो. पत्रा माझ्या गुडघ्याखाली श्वास घेतल्यासारखा वर उठायचा आणि बसायचा. ती आत गेल्यावर दहा श्वासांनी मला आठवलं की मी तिला कुठं पाठवलंय. उतरायला पाय हलवला तर पत्र्याची कड सपकन उचलली गेली. मी पुन्हा दाबून बसलो.

ती बाहेर आली तेव्हा डब्याचं झाकण उघडं होतं आणि चिठ्ठी तिच्या दुसऱ्या हातात होती. शिडीशी उभं राहून तिनं ती पूर्ण वाचली. वरची तारीखसुद्धा वाचली असणार, कारण तिचे ओठ हलले. ती दिवस मोजत होती.

"सतरा दिवस झाले," ती म्हणाली.

"मी सांगणार होतो."

"कधी?"

मी गुडघ्यानं पत्रा आणखी दाबला. वारा वाढला. खालून बा ओरडला, "अरं, पत्रा उडंल! मान कापंल कुनाची तरी! बोलत काय बसलाव?"

तिनं चिठ्ठी कमरेला खोचली, शिडीच्या चार पायऱ्या चढली आणि एक हूक माझ्या हातात दिला. मी आवळला. तिनं दुसरा दिला. असे तिनं एकेक करून सगळे हूक दिले, दुसरा पत्रा संपला, तिसराही संपला. माझ्या हातून पाना दोनदा खाली पडला. दोन्ही वेळा तिनंच उचलून दिला.

मग ती उतरली, हात धुतले आणि कपड्यांची ट्रंक काढली.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो असताना ती मुलीला घेऊन एस.टी.नं कर्जतला गेली. बा तिला रस्त्यापर्यंत सोडायला गेला होता, ट्रंक खांद्यावर घेऊन. मी आलो तेव्हा तो ओटीवर बसला होता.

"काय म्हणाली?"

"तिनं कशाला म्हनावं? म्या वाचून घेतली तिच्याकडनं चिठ्ठी." त्यानं विडी विझवली. "कुनासाठी ऱ्हायलास रं तू? माझ्यासाठी?"

"तू एकटा पडला असतास."

"मला इचारलंस?" त्याचा आवाज चढला. बाचा आवाज मी फारसा चढलेला ऐकला नव्हता. "येकदा तरी इचारलंस का? म्या कदी म्हटलं, जाऊ नगं? तीन कोसांवर कॉलनी हाय, काय आफ्रिका हाय? माझ्या नावावर तुजं भ्या खपवू नगंस."

मी तसाच सायकलवर बसून उलटा मोहोपाड्याला गेलो. ऑफिस बंद झालं होतं. सकाळी पुन्हा गेलो. साहेबांनी वही दाखवली. क्वार्टर लॅबमधल्या एकाला देऊन टाकलं होतं, त्याला तीन मुलं होती, सामानही आलं होतं. "आता पुढची पाळी येईल तेव्हा," ते म्हणाले. मी आभार मानून बाहेर आलो. आभार कशाचे मानले, कोण जाणे.

गॅरेज मी पुरं केलं. दाराला पत्र्याच्या दोन फळ्या, कडीकोयंडा, खाली कोबा. जीप ढकलून आत घेतली. पावसाळाभर तीनला सुटलो की तिथंच. इंजिन उतरवलं, धुतलं, एकेक भाग ओळीनं मांडला. पावसात त्या छपराखाली माणसाला स्वतःचा खोकला ऐकू येत नसे, आणि मला तेच बरं वाटायचं. बा भाकरी ताटाखाली झाकून ठेवायचा. तीन पत्रं मी कर्जतला टाकली. उत्तर आलं नाही.

श्रावण संपताना जीप चालू झाली. पहिल्याच रविवारी मी ती कर्जतला नेली. वाटेत दोनदा गरम झाली, ओढ्यातलं पाणी डब्यानं घातलं. रेल्वे क्वार्टरसमोर थांबलो तेव्हा बायको व्हरांड्यात तांदूळ निवडत होती. ताट बाजूला ठेवून पायरीवर आली. जीपकडे तिनं बघितलं, पण क्षणभरच.

"क्वार्टर गेलं म्हणून मी आले नाही इथं," ती म्हणाली. "पाणी ओढायचं मला काही वाटत नाही. पण सतरा दिवस तुम्ही माझ्यासमोर बसून जेवत होतात. मी विचारत होते, आणि तुम्ही उतार सांगत होतात."

"मला ठरवता येत नव्हतं."

"मग तसं सांगायचं. दोघांनी मिळून घोळ घातला असता."

मी म्हटलं, "चल घरी." ती म्हणाली, "आज नाही." मुलगी तिच्यामागून बघत होती. मी हात पुढे केला. तिनं आधी माझे हात हुंगले, मग आली. तेवढ्यावर मी परत फिरलो. बोरघाटाच्या अंगानं ढग उतरले होते, वायपर चालत नव्हता, आणि सारा रस्ता मी मान बाहेर काढून जीप चालवली.

गौरी-गणपतीच्या दोन दिवस आधी ती आली. एस.टी.नं, आपली आपण, निरोप न देता. आल्यावर आधी बाच्या पाया पडली, मग हंडा उचलून विहिरीवर गेली. मी तिच्या मागे गेलो आणि पोहरा मी ओढला. बायका हसल्या. ती हसली नाही, पण दोर माझ्या हातातून काढूनही घेतला नाही.

पुढे दोन वर्षांनी क्वार्टर मिळालं. या खेपेला टाइमकीपरनं लिफाफा दिला तसा मी तो न फोडता घरी आणला. तिनं फोडला, वाचला, बाच्या हातात दिला. बाला वाचता येत नव्हतं. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "नळ हाय का आत?" ती म्हणाली, "दोन आहेत, मामंजी." "मग बसून काय ऱ्हायलाव?" म्हणाला.

जीप मी कळंबच्या एका शेतकऱ्याला देऊन टाकली. गॅरेजात बानं पेंढा भरला.

कॉलनीतल्या पहिल्या संध्याकाळी तिनं मोरीतला नळ सोडला आणि कितीतरी वेळ बंद केला नाही. पाण्याच्या आवाजात मुलगी ओरडत होती. मी या खोलीतून त्या खोलीत फिरत होतो. खिडक्यांची कडी, दाराचा बोल्ट, गॅलरीचा कठडा सगळं हलवून बघितलं. सगळं घट्ट होतं. कॉलनीच्या नियमात भिंतीला खिळा मारायलाही परवानगी लागत होती.

"बसा ना जरा," ती मोरीतून म्हणाली.

मी ट्रंकेवर बसलो. थोड्या वेळानं उठलो आणि कठडा पुन्हा एकदा हलवून पाहिला.