उजीचे रंगवलेले बूट

उजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. फोनवर तिचा धाकटा भाऊ होता, राजू. "मिनाताई, गडमुडशिंगीहून बोलतोय... अक्का गेली ओ, सकाळी." मी "कधी?" असं विचारलं. सकाळी म्हणून त्यानं आत्ताच सांगितलं होतं. "सातला. डायलिसिसला न्यायची तयारी चाललीती," तो म्हणाला. मी "येते" म्हणाले, फोन ठेवला आणि उरलेले पेपर तपासून संपवले. जयसिंगपूरहून गडमुडशिंगी काही परमुलूख नाही, मनात असतं तर दुपारपर्यंत पोचले असते. मी गेले नाही. घरात कुणाला सांगितलंसुद्धा नाही. गेले ती बारा दिवसांनी, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला. तिथं जे कानावर पडलं त्यानंतर गप्प राहणं मला जमेना.

उज्ज्वला कांबळे हे नाव वाचकांना माहीत असण्याचं कारण नाही. ते माहीत झालं असतं, असं आमचे बास्केटबॉलचे सर म्हणायचे, आणि सर कुणाचं उगाच कौतुक करणारे नव्हते. पंच्याण्णव सालच्या आसपासची गोष्ट. मी जयसिंगपूरच्या व्यापाऱ्याची मुलगी, कॉलेजसाठी कोल्हापुरात मामाकडे राहिलेली. उजी गडमुडशिंगीहून सायकल मारत यायची. वडील फौंड्रीत मोल्डर, आई दुसऱ्याच्या रानात कामाला. पोरगी पावणेसहा फूट उंच, हात गुडघ्याला टेकतील असे लांब, आणि आवाज सगळ्या मैदानाला पुरेल एवढा. पहिल्याच दिवशी माझ्या हातातला चेंडू काढून घेत ती म्हणाली, "पावणं, धरायचा असतोय तो, मांडीवर घिऊन बसायचा न्हाय." आमच्याकडच्या बऱ्याच बायकांसारखं तीही स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलतो' असंच बोलायची. पुण्याच्या मुली स्पर्धेत त्यावर हसल्या, तेव्हा त्यांना तिनं शांतपणे सतरा गुणांनी हरवलं.

उजीला खेळाइतकंच वेड होतं ते एका बुटाचं. अमेरिकेतल्या एका खेळाडूच्या नावानं निघालेला, घोट्याच्या वर येणारा, बाजूला पंख फुटलेल्या चेंडूचा शिक्का असलेला बूट. केबल नवीन होतं. तिकडच्या मॅचेस आपल्याकडे सकाळी दिसायच्या, आणि पहिला तास बुडवून आम्ही मामाच्या हॉलमध्ये बसायचो. मी चेंडू बघायची, उजी पाय बघायची. रद्दीच्या दुकानातून तिनं परदेशी मासिकं उचलली होती, त्यांतल्या जाहिराती कापून वहीत चिकटवलेल्या. इंग्रजी तिला माझ्याहून कमी यायचं, पण त्या बुटाविषयी एक ओळ तिनं सोडली नव्हती. "हे बघ मिने," ती सांगायची, "पह्यला निघाला तवा सगळ्या खेळाडूंचं बूट पांढरं असायचं. नियमच तसा. ह्यानं काळा-तांबडा घातला. साहेब लोक चिडलं, म्हणलं, चालणार न्हाय, दंड भर. कंपनी म्हणली, भरतो की! आन् वर जाहिरात केली, का बंदी घातलेला बूट हाय म्हणून. लोकांच्या उड्या पडल्या." मग बोटावर रंग मोजायची. काळा-तांबडा, पांढरा-तांबडा, करडा-काळा, नुसता पांढरा नि त्यावर चमकत्या रंगाचा एकच पट्टा, आणि निळा-काळा. निळ्या-काळ्यापाशी तिचं बोट थांबायचं. "ह्यो आपला," म्हणायची. "निळा म्हंजे आपलाच की." त्यांच्या घरात भिंतीवर निळ्या कोटातला फोटो होता, त्याला रोज ताजं फूल असायचं. तिला काय म्हणायचं होतं ते मला तेव्हा अर्धंच कळायचं.

तिच्या स्वतःच्या पायात मात्र पांढरे कॅनव्हासचे बूट होते, शाळेत पीटीला घालतात तसले. ते तिनं रंगवले. वडिलांनी फौंड्रीतून आणलेला उरलासुरला ऑइलपेंट, कापडाला सुईनं शिवलेला पट्टा, आणि घोट्यावर हातानं काढलेले पंख. कॅनव्हासवर तो रंग टिकत नसे. आठवडाभर खेळलं की बोटांजवळ तडकायचा, पापुद्रे निघायचे. मग ती ब्लेडनं सगळं खरवडायची आणि पुढच्या महिन्यात दुसरा रंग लावायची. असं करत दोन वर्षांत तिनं त्या एका जोडावर सगळे रंग घालून घेतले. सर हसायचे, म्हणायचे, "कांबळे, ह्या महिन्यात कुठला?" रंग वरून दिसायचा. बुटांचे तळ कुणाला दिसत नव्हते. ते गुळगुळीत झाले होते, टाचेपाशी एका ठिकाणी रबर जाऊन आतलं कापड उघडं पडलं होतं.

आणि मग माझे काका अमेरिकेहून आले. मी बास्केटबॉल खेळते एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी माझ्यासाठी तोच बूट आणला, काळा-तांबडा, खोक्यासकट. उजीनं खोकं उघडलं आणि बूट बाहेर काढला. उलटा करून त्याचा तळ बघितला, नाकाजवळ नेला, बुटाची जीभ बाहेर ओढून आतली चिठ्ठी वाचली. "ह्यो पह्यला न्हाय," शेवटी म्हणाली, "पह्यला होता तसाच परत काढलाय. पर हाय खरा." मग अगदी जपून खोक्यात ठेवला. मी "घालून बघ" म्हटलं नाही. आमच्या दोघींच्या पायाचं माप एकच होतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

त्या दिवशी ती गेल्यावर मामी भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्या पोरीला घालायला देऊ नकोस हं. त्यांच्या पायातलं परत आपल्या घरात नको." मामी वाईट बाई नव्हती. उजीला ती चहा द्यायची, कपबशी मात्र वेगळी ठेवलेली होती. मी "बरं" म्हणाले. इतकं सोपं होतं ते.

राज्याच्या संघाची निवड चाचणी त्या वर्षी कोल्हापुरातच होती, दोन दिवस. पहिल्या दिवशी मी बाद झाले. त्याचं मला वाईटही वाटलं नाही. माझा खेळ मला माहीत होता. उजीचं नाव मात्र दुसऱ्या दिवशीच्या यादीत सगळ्यात वर होतं. सरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "राज्याकडून खेळलीस की पोलिसात, रेल्वेत, कुठंही लागशील. घरचं सोनं होईल." दुसऱ्या दिवशी सकाळी मैदान धुतलेलं होतं. मधलं सिमेंट वाळलं होतं, एका बास्केटखाली ओल तशीच होती. सराव करताना उजीचा पाय तिथं दोनदा सरकला. ती माझ्याकडे आली. मी पायरीवर बसले होते, बूट माझ्या पिशवीत होते. नेहमीचा मोठा आवाज तिनं खाली आणला होता. "मिने, तुजं बूट देतीस काय? आजच्यापुरतं. धुऊन देतो परत."

तिनं धुऊन देतो म्हणावं, हे मला चौदा वर्षांत विसरता आलेलं नाही. मामीचं बोलणं तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही, एवढंच.

मी म्हणाले, "अगं, मलाच घट्ट होतात ते. तुला नाही बसायचे." ती म्हणाली, "व्हय, न्हाय बसायचं." आणि वळून मैदानात गेली. वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत आले की मामीनं बजावलं होतं म्हणून मी दिले नाहीत. पण मामी त्या दिवशी मैदानावर कुठं होती? तिथं मीच होते. माझ्यापाशी नसलेलं सगळं उजीपाशी होतं, उंची, खेळ, यादीतलं पहिलं नाव. माझ्यापाशी बूट होते. तेवढे मला सोडवले नाहीत.

दुसऱ्या डावात ती चेंडू घेऊन आत घुसली, एकीला चकवलं, दुसरीला चकवण्यासाठी डाव्या पायावर वळली, आणि त्या ओलीवर पाय निघून गेला. वरचं शरीर वळलं, गुडघा वळला नाही. आवाज पायरीपर्यंत आला. ती ओरडली नाही. नुसती खाली बसून राहिली, दोन्ही हातांनी गुडघा धरून. पायातल्या बुटाला त्या महिन्यात निळा-काळा रंग होता.

गुडघ्याच्या आतलं लिगामेंट फाटलं होतं, असं पुढं कळलं. तेव्हा कुणी तसं सांगितलं नाही. आधी गावातल्या पाय बसवणाऱ्यानं ओढून बघितलं, मग प्लास्टर, मग पट्टा. ऑपरेशन मुंबईला होतं म्हणाले, आणि मुंबईला कोण नेणार? पाच महिन्यांनी ती चालायला लागली, पण धावायला पाय उचलला की गुडघा निसटायचा. संघ गेला, त्याबरोबर नोकरीही गेली. मी एकदाच भेटायला गेले, मोसंबी घेऊन. बुटांचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही. पुढं माझं लग्न झालं. मामीनं ते बूट जुन्या साड्यांबरोबर बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेतला. कुठल्या अनोळखी माणसाच्या पायात ते गेले, त्याचं तिला काही वाटलं नाही.

उजी कोल्हापुरात एका चपलांच्या दुकानात लागली. दिवसभर उभं राहायचं काम. तोवर त्या बुटाच्या नकला बाजारात आल्या होत्या, पंखांच्या जागी भलतंच काहीतरी असलेल्या, आणि निळा, हिरवा, सोनेरी अशा कुठल्याही रंगात. कॉलेजची पोरं त्या मागायची आणि उजी त्यांना प्रत्येक रंगाची कूळकथा ऐकवायची. मी एकदा मुलाला सँडल घ्यायला म्हणून गेले तेव्हा ऐकत उभी राहिले. मला बघून ती हसली. "मिने, तुला म्हाईत हाय काय? सायबर कॅफेत वाचलो. बंदी घातली ती ह्या बुटावर न्हवंच म्हणं. त्याच्या आधीचा दुसराच कुठलातरी बूट होता. आपण उगंच सांगत बसलो." मला हसू आलं नाही. मी तिच्या पायाकडे बघत होते. डावा पाय जरासा वाकडा ठेवून, गल्ल्याला टेकून ती उभी होती. ड्रॉवरमधून एक गोळी काढून पाण्याशिवायच गिळली. "दुखतंय?" मी विचारलं. "संध्याकाळी दुखतंय. दोन घेतल्या की थांबतंय," ती म्हणाली. मेडिकलवाला ओळखीचा होता, चिठ्ठी मागत नसे. अशा गोळ्या तिनं दहा-बारा वर्षं खाल्ल्या.

मग तोंडाला सूज, उलट्या, आणि दवाखाना. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. शेवटचं बघितलं ते डायलिसिसच्या खाटेवर. ते लांब हात आता दंडापर्यंत सुयांनी काळे-निळे झाले होते. मी डॉक्टरांना बाहेर गाठून विचारलं, गोळ्यांनी झालं का? "त्यांनीही झालं असेल. आता सांगता येत नाही," ते म्हणाले. मी परत आत गेले. त्या दिवशी बोलायचंच असं ठरवून आले होते. "उजे, त्या दिवशी मी तुला बूट..." एवढंच तोंडातून निघालं. तिनं डोळे मिटले. "बास की गं," म्हणाली. "दमलोय मी." ...मला वाटलं, तिला ऐकून घ्यायचं नाही. मला ती शिक्षाच वाटली, आणि थोडं सुटल्यासारखंही. त्यानंतर तीन महिने मी फिरकले नाही. मग राजूचा फोन आला.

पुण्यानुमोदनाला मांडवात गर्दी होती. वंदना झाली, दोघे-तिघे बोलले. खेळाडू म्हणून तिचा उल्लेख कुणीच केला नाही, चपलांच्या दुकानातली उज्ज्वलाताई एवढंच. कार्यक्रम आटोपल्यावर तिची आई मला हाताला धरून आत घेऊन गेली. खोलीत शेजारच्या चार-पाच बायका बसल्या होत्या. मला मधोमध बसवून, माझा हात तसाच धरून ती त्यांना म्हणाली, "ही मिना. उजीची मैतरीण. हिनं त्या दिवशी सोताचं बूट काढून दिल्तं तिला, अमेरिकेचं. आमच्या उजीनंच घेतलं न्हाईत. मला म्हणली, आये, ती देत हुती, मीच न्हाय म्हणलो. लई हट्टी! घेतलं असतं तर पाय ऱ्हायला असता, पोरगी ऱ्हायली असती..." आणि मग आवाज अगदी बारीक करून, "त्यावरनं लई बोललो बघ मी तिला. जवा जवा पाय दुखायचा, तवा तवा बोललो. भोग म्हणलो आपल्या कर्माची फळं. दवाखान्यात न्हेताना सुदिक बोललो. ती कवा उलटून बोलली न्हाय."

मी तोंड उघडलं. एका बाईनं माझ्या हातात चहाचा कप दिला. घरातल्या सगळ्या कपांसारखाच कप. मी तो प्यायले आणि शेवटच्या गाडीची वेळ झाली म्हणून उठले. आईनं दारापर्यंत येऊन माझ्या गालावरून हात फिरवला.

हे ज्यात छापून येईल तो पेपर राजू घेतो. म्हणून त्याला सांगते आहे, हे आईला मोठ्यानं वाचून दाखव. आई, उजीनं बूट नाकारले नव्हते. तिनं मागितले होते, आणि मी दिले नाहीत.