डौवेची बत्तिसावी तक्रार

डौवे हा माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. बहीण, हिस्के, जाऊन चौदा वर्षं झाली, पण मेहुणा माझ्या वाट्याला कायमचा आला. फ्रीसलंड प्रांतात, समुद्राच्या बांधाच्या आत, आमची घरं समोरासमोर आहेत. रोज सकाळी दहाला मी त्याच्याकडे कॉफीला जाते. कॉफीबरोबर एक बिस्किट मिळतं, मग डब्याचं झाकण लागतं. चौदा वर्षांत दुसरं बिस्किट मी पाहिलेलं नाही.

चाळीस वर्षं तो दूध संघात फॅट लावायचा, म्हणजे आलेलं दूध तपासायचा. एकदा सख्ख्या भावाच्या दुधात पाणी सापडलं. त्याने भावाचे कॅन परत पाठवले आणि संध्याकाळी त्याच भावाच्या वाढदिवसाला जाऊन केक खाल्ला. त्याला यात काही वावगं वाटलं नाही. भावाला वाटलं.

निवृत्त झाल्यावर डौवेने जाहिराती धरल्या. आमच्या गावात प्रत्येक टपालपेटीवर 'जाहिरात नको' असं चिकटवलेलं असतं. डौवेच्या पेटीवर 'हवी' आहे, अख्ख्या गावात एकटी. आलेला कागद न् कागद तो टेबलावर पसरायचा आणि भिंग, पट्टी, वजनकाटा घेऊन बसायचा. अॅमस्टरडॅमला एक समिती आहे. जाहिरातीत खोटं दिसलं तर कुणीही तिच्याकडे तक्रार करावी, पैसे पडत नाहीत, फक्त स्वतःचं नाव घालावं लागतं. समिती दंडबिंड करत नाही. 'पुन्हा अशी जाहिरात करू नये' एवढी शिफारस करते.

"मग त्याने काय होतं?" मी विचारलं होतं.

"लाज वाटते," डौवे म्हणाला.

"कुणाला?"

"ज्याला वाटते त्याला."

एकतीस तक्रारी केल्या त्याने. बारा मान्य झाल्या. सॉसेजवाले, गादीवाले, सगळे झाले. गावात लोक त्याला बघून दुकानाच्या पाट्या झाकायचं नाटक करायचे. तो म्हणायचा, नीट झाका, खालची ओळ दिसतेय.

बत्तिसावी तक्रार त्याने पोटच्या पोरीवर केली.

येत्स्के एकुलती एक. ग्रोनिंगेनची चांगली नोकरी सोडून ती गेल्या वर्षी परत आली, बापाशेजारच्या वासरांच्या गोठ्याचं तिने सुट्टीच्या पाहुण्यांसाठी भाड्याचं घर केलं. फरशी तिने स्वतः बसवली, मी पडदे शिवले. मग तिने जाहिरात दिली: 'समुद्राच्या बांधापासून दोनशे मीटर. संपूर्ण शांतता. चावी शेजारी माझ्या वडिलांकडे, ते या प्रांतातले सर्वात प्रामाणिक गृहस्थ आहेत.'

डौवेने ती कॉफीच्या वेळी वाचली आणि उठून गेला. चाक लावलेली मोजकाठी घेऊन तो बांधापर्यंत चालत गेला आणि चालत परत आला. माझी कॉफी तोवर गार.

"सहाशे चाळीस," तो पोरीला म्हणाला.

"बाबा, मीटर मोजायला कोण येतंय?"

"मी आलो."

"पक्षी उडतो तसं सरळ धरा ना."

"तेही काढलं. पाचशे ऐंशी. आणि शांतता कसली? माझा कोंबडा पहाटे पाचला आरवतो. बदल ते."

"उन्हाळा संपला की बदलते. आत्ता कुठे फोन यायला लागलेत."

"मग मला लिहावं लागेल."

"लिहा," येत्स्के म्हणाली. "पण ऐकून ठेवा. माझ्या बापालाच माझं इथलं बस्तान नको असेल, तर मी जाते परत ग्रोनिंगेनला. नाताळला येईन, तेही बघू."

मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, अरे मेल्या, एकच पोर आहे, चौदा वर्षांनी घरात दुसऱ्याचा आवाज आलाय. तो म्हणाला, "एकतीस परक्यांवर केल्या. आता घरचं आलं म्हणून झाकू?" मी हात टेकले. रात्री त्याने काही खाल्लं नाही, हे मला खिडकीतून दिसलं. पत्र मात्र सकाळी टपालात पडलं.

दोघांना अॅमस्टरडॅमला बोलावणं आलं. गाडी माझी, म्हणून दोघेही माझ्याच गाडीत. वादी पुढे, प्रतिवादी मागे. डौवेने तिघांपुरते चीज-पाव बांधून आणले होते. समुद्रावरच्या त्या लांबलचक बंधाऱ्यावर त्याने न वळता डबा मागे धरला. येत्स्केने तोंड फुगवून खिडकीबाहेर पाहिलं. त्याने डबा तसाच धरून ठेवला. बंधारा बत्तीस किलोमीटरचा आहे. विसाव्या किलोमीटरला तिने एक पाव उचलला.

समितीत पाच जण होते, मध्ये अध्यक्षबाई. मी मागच्या बाकावर. अंतराचं येत्स्केने लगेच मान्य केलं. मग शांततेवर आले.

"कोंबडा कुणाचा?" बाईंनी विचारलं.

"माझा," डौवे म्हणाला.

"म्हणजे तुमच्याच कोंबड्यामुळे तुमच्या मुलीची जाहिरात खोटी ठरते?"

"कोंबड्याचा काही दोष नाही, बाई. तो वेळेवर आरवतो."

बाईंनी चष्मा पुसला. "आणि तिसरा मुद्दा. सर्वात प्रामाणिक गृहस्थ. यावरही तुमची हरकत आहे?"

"आहे. पुरावा दिलेला नाही."

येत्स्के उठली. "पुरावा तुमच्या हातातच आहे. ती तक्रार. कुठला बाप असं करतो, सांगा ना मला!" समितीतले दोघे हसले. तिला हसू येत नव्हतं.

"हा पुरावा अपुरा आहे," डौवे म्हणाला. दूध परत करतानाचाच तो आवाज. "मी खोटं बोललेलो आहे. एकदा. चौदा वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, इस्पितळात. डॉक्टर म्हणाले होते तीन आठवडे. माझ्या बायकोने विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं, बटाटे लावायच्या आत तू घरी येशील. तेव्हा हे वाक्य बरोबर नाही. काढून टाकावं."

"त्यांनी विश्वास ठेवला?" बाईंनी हळूच विचारलं.

"ठेवला. म्हणून तर."

"नाही ठेवला," येत्स्के म्हणाली. "बाबा, आईला माहीत होतं. तुम्ही खाली कॉफी आणायला गेलात तेव्हा तिने मला सांगितलं. म्हणाली, तुझ्या बाबाला खोटं बोलता येत नाही, कान लालभडक होतात. बोलू दे बिचाऱ्याला, मी हो म्हणते."

डौवे खाली बसला. हात मांडीवर ठेवले, पुन्हा उचलले, पुन्हा ठेवले. मला रडू आलं, साफ सांगते. कारण हिस्केने तेच मलाही सांगितलं होतं, आणि मी रोज दहाला त्याच्यासमोर बसून, चौदा वर्षं, एक अक्षर बोलले नव्हते. एक बिस्किट खाऊन घरी जात होते.

परतताना येत्स्के पुढे बसली. मला वाटतं डौवेला झोप लागली असावी, किंवा त्याने डोळे मिटले असावेत.

तीन आठवड्यांनी निकाल आला. अंतर आणि शांतता, दोन्ही मुद्दे मान्य. तिसरा फेटाळला. कारण लिहिलं होतं: 'सर्वसाधारण ग्राहक हे वाक्य मुलीचं प्रेम म्हणून वाचेल, मोजमाप म्हणून नव्हे.' डौवेला हे अजिबात पटलं नाही. अपिलाची मुदत चौदा दिवस. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर शेवटच्या तारखेभोवती तांबडं वर्तुळ काढलं, आणि अपिलाचा कागद बिस्किटाच्या डब्याखाली ठेवला. येत्स्केने तो पाहिला. सामान भरायला खोकी मागवून ठेवते, एवढंच मला म्हणाली.

वर्तुळातल्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी दहाला ती नवी जाहिरात घेऊन आली. 'बांधापासून सहाशे चाळीस मीटर. पहाटे पाचला कोंबडा आरवतो. चावी शेजारी माझ्या वडिलांकडे,' आणि पुढचं सगळं होतं तसंच. डौवेने भिंग लावून दोनदा वाचलं. कागद डब्याखालीच होता, कोरा.

"बाबा, मुदत काल संपली," येत्स्के म्हणाली. "अपील केलं नाहीत?"

तांबडं वर्तुळ त्याच्या डोक्याच्या बरोबर वर होतं.

"विसरलो," डौवे म्हणाला.

येत्स्केने माझ्याकडे पाहिलं. मग आम्ही दोघींनी त्याच्या कानांकडे पाहिलं. त्याने डबा उघडला आणि आमच्यापुढे दुसरं बिस्किट धरलं.