वत्सलेची माय

मलकापूरला जाणारी मोटार देऊळघाटच्या फाट्यावर उभी होती आणि वत्सला माझ्याकडे पाठ करून उभी होती. सहा वर्षांची पोर. सासूबाईंनी तिच्या हातात गुळाचा खडा दिला होता, तो ती खातही नव्हती आणि टाकतही नव्हती. ह्यांना आफ्रिकेत, मोंबासाला, हिंदुस्थानी लोकांच्या शाळेत मास्तरकी मिळाली होती. नागपूरहून कागद आले होते. पोरीला न्यायचं नाही हे सासूबाईंनी ठरवलं होतं. "राहू द्या तिले माह्यापाशी. आत्ताच शाळेत घातली. तिकडं समुद्रापल्याड तिले कोन शिकवीन?"

मला ते पटलं. मी चौथी शिकले, पुढे शिकायचं का म्हणून मला कोणी विचारलं नाही. वत्सलेनं माझ्यापुढे जावं एवढंच मला हवं होतं. म्हणून बोलले नाही. तसंही चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. मोटार सुटली तेव्हा तिनं वळून पाहिलं का, ते धुळीत दिसलं नाही.

मोंबासात आमची पत्र्याची खोली होती. मी माळ्याची लेक, त्यामुळे जीव रमायचा तो भाजीबाजारातच. तिथल्या बायकांशी घासाघीस करता करता स्वाहिली भाषा आली. मराठी बोलायला लाजणारी मी स्वाहिलीत भाव पाडून घ्यायची, याचं ह्यांना फार हसू यायचं.

पुढे एक गोऱ्या बाई आल्या. तिथल्या आफ्रिकी मुली शाळेत का टिकत नाहीत, याची पाहणी त्यांना करायची होती. सुट्टीत ह्यांनी त्यांचं लिहिण्याचं काम धरलं. पण गावातल्या बायका परक्या पुरुषासमोर बसेनात. मग मला नेलं. मी अंगणात बायकांत बसायचं, त्या काय म्हणतात ते मराठीत सांगायचं, आणि कुंपणापलीकडे बसलेल्या ह्यांनी ते बाईंसाठी इंग्रजीत लिहायचं.

पहिल्या दिवशी बायकांनी माझं नाव विचारलं. मला सांगवेना. तेव्हा एकीनं लेकराचं नाव विचारलं. मी म्हटलं, वत्सला. झालं, मी 'मामा वत्सला' झाले. तिकडे आईला मामा म्हणतात आणि बाईला तिच्या पहिल्या लेकराच्या नावानं हाक मारतात. यात मला नवं काहीच नव्हतं. आमच्याकडेही मी 'वत्सलेची माय'च. ह्यांनी तरी माझं नाव कधी घेतलं? फक्त एवढं व्हायचं, की कोणी 'मामा वत्सला' म्हटलं की मी नकळत शेजारी खाली पाहायची. तिथे कोणी नसायचं.

मामा हलिमा म्हणजे हलिमाची आई. नारळाच्या झापांनी शाकारलेल्या घरापुढे ती खोबरं किसत बसलेली असायची. हलिमा वत्सलेच्याच वयाची. पाठीशी धाकटा भाऊ फडक्यात बांधलेला. तिची शाळा का सुटली, हा आमचा प्रश्न. मामा हलिमा स्वाहिलीत बोलली, पण मला आठवतं ते आपल्या बोलीतच. "कारन? हे पाह्य कारन," तिनं पोराकडे बोट केलं. "मी शेतात गेल्यावर याले कोन पाहीन? तुही शाळा पाहीन काय?"

बायका हसल्या. मग ती म्हणाली, "मले विचारून राह्यली, तं तुही पोरगी कुठी हाय?"

"शाळेत," मी म्हटलं. मान ताठ करून म्हटलं.

"कोनत्या? आमाले तं दिसली नाही."

"घरी. आजीपाशी."

"म्हंजे सोताची पोरगी सोडून आमच्या पोरीची शाळा पाह्यले आली! वा गं बाई!"

मी तेही मराठीत सांगितलं, तेव्हा कुंपणापलीकडून ह्यांनी विचारलं, "अवं, हे बी लिवू काय?" मी ते बायकांना सांगितलं तशा सगळ्या हसायला लागल्या, मीही हसले. निघताना तिनं मला अर्धा नारळ दिला.

पाहणी संपली, बाई आपल्या देशी गेल्या, तरी मी तिच्याकडे जात राहिले. वत्सला किती शिकली, हे ती दर खेपेला विचारायची. मी सांगायची, दुसरी, तिसरी. हे सांगताना मला बरं वाटायचं.

मग सासूबाईंनी लिहवून घेतलेलं पत्र आलं. वत्सला चौथी झाली, मायइतकी शिकली, आता आणखी काय पाह्यजे? घरी बसवली आहे, पाणी तीच भरते. यंदा स्थळ पाहू.

पुढच्या खेपेला मामा हलिमानं नेहमीसारखं विचारलं. मी म्हटलं, "पानी भरते." तिचा किसता हात थांबला. ती हसली नाही. "माही तं डोयापुढं तरी हाय," एवढंच म्हणाली.

त्या संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, मी जाते. "मले नोकरी सोडता येत नाही," हे म्हणाले, "अन् तुले तं तिकीट मागता येत नाही." खरं होतं ते. पण अडवलं नाही. एका गुजराती कुटुंबाच्या सोबतीनं बोटीत बसवून दिलं. मलकापूरला उतरून मोटारवाल्याला मी गाव सांगितलं तर त्याला ऐकूच गेलं नाही. दुसऱ्यांदा मोठ्यानं सांगितलं.

दारात वत्सला होती, कंबरेवर घागर. माझ्याकडे पाहून ती आत ओरडली, "आजी, कोनी आलं वं!"

सासूबाई म्हणाल्या, "इतकी वर्सं पोसली म्या, आता आयती न्याले आली?" चुकीचं नव्हतं ते. मला रडू आलं. तरी सासूबाईंना म्हटलं, "मामी, तुमीच म्हनलं व्हतं, तिकडं तिले कोन शिकवीन. इकडं तरी शिकू द्या."

त्यांनी वत्सलेच्या घागरीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ने. पन पानी कोन भरीन?"

अगदी तोच प्रश्न, समुद्राच्या दोन्ही काठांना.

आता बुलढाण्यात खोली घेऊन राहते. वत्सला मुलींच्या शाळेत पाचवीत आहे. दर रविवारी मी देऊळघाटला चालत जाते, घरातली सगळी भांडी भरून ठेवते आणि चालत परत येते. एरवी सासूबाईंजवळ राहणाऱ्या माझ्या जाऊबाई भरतात. "आफ्रिकेची राणी आली पानी भराले," त्या म्हणतात. पाय दुखतात. हे अजून तिकडेच आहेत. लिहितात की हलिमा घरीच असते, पाठीवर आता नवा भाऊ आहे. ते वाचलं की दिवसभर काम सुचत नाही. माझी मी आणली, तिची तिथेच राहिली. तो पाहणीचा कागद कोणी वाचला असेल का, कोणाला विचारू?

मोंबासात देऊळघाटला घर म्हणायची. आता देऊळघाटला गेले की पाहुणी, आणि ती पत्र्याची खोली आता एकट्या ह्यांची. वत्सला मला अजून सरळ 'माय' म्हणत नाही. काही हवं असलं की नुसती समोर येऊन उभी राहते.

परवा घरमालकीणबाईंनी खालून हाक मारली, "वत्सलेची माय, हाय काय वं घरात?" जुन्या सवयीनं मी शेजारी पाहिलं. वत्सलेनं पुस्तकातून मान वर केली आणि माझ्याआधी तीच म्हणाली, "हाय नं."