झालीच पाहिजे

काल मुलींच्या एका खाजगी शाळेच्या व्हरांड्यात एक आई लेकीला पढवत होती. "आत गेलीस की हळू बोल. ‘उपकार होतील’ म्हण. शिष्यवृत्ती त्यांच्याच हातात आहे." मुलगी मान हलवत होती. मला माझा अर्ज आठवला.

आमच्या घरी मोर्चांची पत्रकं लिहिली जात. मी वाचायला शिकले तीही त्यांवरूनच. त्यामुळे आठवीत अशाच एका खाजगी शाळेत गुणवत्ता शिष्यवृत्तीसाठी अर्ज लिहिताना मला दुसरी रीतच ठाऊक नव्हती. ‘शिक्षण ही मेहेरबानी नाही’ अशी सुरुवात केली आणि शेवटी ‘आमची मागणी मान्य झालीच पाहिजे’ असं ठणकावलं. फी माफ झाली नसती, तर ती शाळा मला मिळणारच नव्हती.

मुख्याध्यापिकाबाईंनी अर्ज वाचून चष्मा काढला.

"अगं, हा अर्ज आहे की मोर्चा? आणि ‘आमची’ म्हणजे कोणाची? तू तर एकटीच आलीयेस."

"माझ्यासारख्या सगळ्या मुलींची, बाई."

त्या खळखळून हसल्या. "बरं, पुढारीणबाई, बसा. आता गणितातलं काही विचारू का?"

अर्ज बदलून आण, असं त्या म्हणाल्या नाहीत. शिष्यवृत्ती मिळाली.

पुढे मी पुष्कळ भांडले, पुष्कळ लिहिलं. लोक म्हणतात, हिला कुणाचे आभार मानायला जड जातं. तसं नाही. हक्काची गोष्ट हक्कासारखीच हातात ठेवणारं माणूस मला फार लवकर भेटलं. माझ्या सगळ्या ताठपणात त्या बाईंचे आभारच आहेत.