शिरेल पुसट का डोळे

ज्या बीटी कपाशीले अळी लागत नाही म्हणत, तिच्यावरच अळीचा फवारा मारून दुपारी घरी आलो. हातपाय धुतले अन् ओसरीवर मोबाईल घेऊन बसलो. माह्या लगनाच्या साली टीव्हीवरची एक शिरेल अर्ध्यातच बंद पडली होती. मले वाचता येत नाही, म्हणून पोरीनं मोबाईलवर शोधून देली.

शिरेलमधली सून पार पुसट दिसून राह्यली होती. बायको बाजूले तूर निवडत होती. तिले हासून म्हणलो, "तवा बी टीव्हीत मुंग्याच दिसत, आता बी मुंग्याच!"

"काऊन हो? मले तं तिच्या कानातले डूल बी साफ दिसून राह्यले."

मी मान वर केली तं बायकोच्या तोंडावर बी मुंग्याच. तरी माही खोड जाते का? म्हणलं, "तू बी जुनी झाली वाटते व."

बायको हासली नाही. फवाऱ्यानं डोळे गेलेला एक माणूस आमच्या गल्लीतच होता. तिनं सूप फेकलं अन् शेजाऱ्याले मोटरसायकल काढाले लावली.

दोघाच्या मधात मले पोत्यासारखं बसवलं. संग्रामपूरचा दवाखाना येईलोक बायको मागून इचारत होती, "आता दिसते का?"

मी "हाव, हाव" करत होतो. रस्ता सोडा, मले म्होरच्या शेजाऱ्याची पाठ बी दिसत नव्हती.

दवाखान्यात सुया टोचल्या. दिवस बुडता बुडता वरच्या बंद पंख्याचे पाते अलग अलग दिसले अन् मले रडू आलं. डोळ्यात पाणी आलं तसं पुन्हा सारं पुसट झालं.

"अवं, पुन्हा गेले व माहे डोळे!" मी बोंबललो.