नवरदेवाच्या खुर्चीतला प्रॉम्प्टर

आमच्या उजेड नाट्यमंडळाला एकतीस वर्षं झाली. एवढ्या काळात नायक चौदा झाले. नायिका किती झाल्या ते मी सांगणार नाही, कारण शेवटची मी आहे आणि गेली नऊ वर्षं मी कुणाला माझ्या जागेकडे बघूही दिलेलं नाही. दिग्दर्शक येतात, रुसतात, निघून जातात. प्रॉम्प्टर मात्र पहिल्या दिवसापासून एकच, कोंडाजी पगारे.

कोंडाजीकाका ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. एकतीस वर्षांपूर्वी भीमजयंतीला कॉलनीत नाटक करायचं ठरलं तेव्हा ज्यांना काम मिळालं नाही त्यांच्यातले ते एक. कुणीतरी त्यांच्या हातात वही दिली आणि विंगेत उभं केलं, ते अजून तिथंच उभे आहेत. बुद्धविहाराच्या मागच्या हॉलमध्ये आमची तालीम सुरू झाली की काका भिंतीला पाठ लावून उभे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि ओठ सारखे हलतायत. नाटकातली सगळ्यांची सगळी वाक्यं ते मनातल्या मनात बोलत असतात, नायिकेचीसुद्धा. मला राग येतो तो याचाच, की कधीकधी ते माझ्यापेक्षा बरं बोलतात.

प्रॉम्प्टिंग म्हणजे मागून वाचणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा भरल्या नाट्यगृहासमोर तोंड उघडं टाकून उभं राहून बघावं. काका पूर्ण वाक्य कधीच देत नाहीत. एकच शब्द देतात, वाक्यातला पहिला. तोही आपण श्वास आत घेतो नेमक्या त्या क्षणी, आणि इतक्या बारीक आवाजात की पहिल्या रांगेला पत्ता लागत नाही. त्यांच्या वहीत प्रत्येकाच्या वाक्यांशेजारी शिसपेन्सिलीच्या खुणा असतात. कोण कुठे अडखळणार हे आम्ही अडखळायच्या आधी त्यांना ठाऊक असतं. मी विसरत नाही. हे मी सगळ्यांना सांगत आलेय आणि काका कधी त्यावर काही बोललेले नाहीत.

या माणसाच्या मनात एकच सल होती, ती विमलाकाकूंची. काकू आमच्या नाटकाला एकदाच आल्या, सत्तावीस वर्षांपूर्वी. तिन्ही अंक मान उंच करकरून नवऱ्याला शोधत राहिल्या. शेवटी सगळे ओळीने हात जोडून उभे राहिले, त्यातही काका नाहीत, कारण ते मागे पडद्याचा दोर धरून होते. बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, तुम्ही दिसणार असाल तेव्हा सांगा, मी येईन. तेव्हापासून दर नाटकाच्या आधी काका घरी तारीख सांगतात, काकू विचारतात, दिसणार आहात का, आणि काका चप्पल घालून तालमीला येतात.

तर मागच्या भाद्रपदात नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका मंगल कार्यालयात दिग्दर्शक आणि नटांसाठी दहा दिवसांची कार्यशाळा निघाली. पितृपक्ष चालू, लग्नं बंद, त्यामुळे कार्यालय रिकामंच होतं. रोज सकाळी सात ते दहा शिकवणी, आणि शेवटच्या रविवारी संध्याकाळी सादरीकरण. माझी पतसंस्था अकराला उघडते, म्हणजे माझी सोय झाली. शिकवणारा सुयश आपल्या चांदवडचा, कांद्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा, दिल्लीला तीन वर्षं नाटक शिकून आलेला. बोलायचा अर्धं इंग्रजीत, पण चिडला की चांदवड बाहेर यायचं. आमच्या मंडळातून मी गेले, माझ्यासमोर भावाची नाहीतर नवऱ्याची कामं करणारा रुद्र गेला आणि सगळ्यांच्या आधी अर्ज भरून कोंडाजीकाका गेले.

अर्जावर चौकटी दोनच होत्या, दिग्दर्शक आणि नट. काकांनी म्हणे बराच वेळ विचार केला. आपण नट तर नाही, एवढं नक्की होतं. मग त्यांनी उरलेल्या चौकटीत खूण केली आणि अकरा दिग्दर्शकांच्या रांगेत बारावे होऊन बसले.

पहिल्याच दिवशी सुयशने जाहीर केलं की प्रॉम्प्टिंग ही नटाची कुबडी आहे आणि या दहा दिवसांत ती कुणालाही मिळणार नाही. मी आणि रुद्रने एकमेकांकडे पाहिलं, काकांकडे बघायची हिंमत झाली नाही. काका इतरांसारखी मान डोलावत होते आणि वहीत 'कुबडी' असं लिहून घेत होते.

दुसऱ्या दिवशी मौनाचा व्यायाम होता. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, पाच मिनिटं, शब्द नाही, फक्त डोळ्यांत बघायचं. माझ्यासमोर नेमके काका आले. पहिलं मिनिट बरं गेलं. दुसऱ्या मिनिटाला त्यांच्या कपाळावर घाम आला. रंगमंचावर कुणी बोलेनासं झालं की काहीतरी बिघडलंय, हेच ज्याने एकतीस वर्षं मानलं त्याचा जीव असा टांगणीला लागलेला मला बघवेना. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी बारीक आवाजात मला शब्द दिला, "मला..." आणि मी तितक्याच सवयीने मोठ्यांदा म्हणाले, "मला आता हे सहन होत नाही, दादा." हे वाक्य आमच्या कुठल्या नाटकातलं ते मला अजून आठवलेलं नाही. सुयशने दोघांना बाहेर काढलं. कार्यालयाच्या पायरीवर बसून, द्वारकेवरच्या ट्रकांचे हॉर्न ऐकत, आम्ही दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

खऱ्या घोटाळ्याची सुरुवात चौथ्या दिवशी झाली. त्या दिवशी काहीही न लिहिता, न ठरवता, सुचेल ते बोलून प्रसंग उभा करायचा होता. रुद्र डॉक्टर झाला आणि नाशिकरोडची पायल पोटदुखीची पेशंट. फार छान रंगला प्रसंग. सुयश खूश होऊन म्हणाला, उद्या हेच दोघं पुन्हा येतील. काका घरी गेले आणि दुपारभर बसून त्यांनी त्या प्रसंगातला शब्द न् शब्द आठवून लिहून काढला. दुसऱ्या दिवशी रुद्रने काहीतरी नवीनच सुरू केलं, तो खांबाआडून आवाज आला, "पोट..." रुद्रने दुर्लक्ष केलं. जरा मोठ्याने आलं, "पोट, पोट..." पायल गोंधळली, रुद्र लाल झाला आणि सुयशचं चांदवड सुटलं.

"काका, लय झालं. हे लिहिलेलं हाय का? हे त्यांच्या मनाचं हाय."

"मनाचंच लिहिलंय," काका वही पुढे करत म्हणाले. "काल यांच्या मनात हेच होतं."

सुयशने रागाने वही ओढून घेतली. अठरा पानं होती. रुद्रने कुठे आवंढा गिळला, पायल कुठे उगाच हसली, सगळं जागच्या जागी टिपलेलं. सुयश वाचता वाचता जमिनीवर बसला आणि पोट धरून हसायला लागला. मग हसू थांबवून त्याने विचारलं, की समोरचा माणूस आता विसरणार हे तुम्हाला कळतं कसं. काका लाजले. मग म्हणाले, रुद्रची उजवी टाच उचलली की तो गेला. कुणी खांदे पाडतं, कुणी सारखं मनगट चोळतं. बाकी नजर, चेहरा वगैरे सगळं खोटं सांगू शकतं, कारण नट तिथंच लक्ष ठेवून असतो. सुयशने पुढचा तासभर सगळ्या दिग्दर्शकांना मागे बसवून नटांच्या टाचा बघायला लावल्या. मी त्या तासात दोन्ही पाय घट्ट रोवून उभी होते.

त्या दिवसापासून काका हवेत होते. प्रत्येक दिग्दर्शकाने शेवटी दहा मिनिटांचा प्रवेश बसवायचा होता. काकांनी स्वतःच एक लिहिला. बापाची जुनी स्कूटर विकायची की ठेवायची यावर भांडणारे बहीणभाऊ, बहीण मी, भाऊ रुद्र. घरी त्यांनी काकूंना सांगून टाकलं, की या वेळी मी दिग्दर्शक आहे. काकूंनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि काका पहिल्यांदाच हो म्हणाले.

शुक्रवारी शिकवणी सुटल्यावर ते चहाच्या टपरीवर माझ्याजवळ येऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला.

"ताई, दिग्दर्शक पण दिसत नाय."

मी एवढी वर्षं नाटकात, पण हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, मग एक भूमिका वाढवा आणि तुम्हीच उभे राहा, शेजारी म्हणून या, भंगारवाला म्हणून या. त्यांनी मान हलवली. सगळ्यांचं पाठ होतं, म्हणाले, फक्त स्वतःचं होत नाही. एकदा कारखान्यात सत्काराला उत्तर द्यायचं होतं, तर स्वतःची चार वाक्यं सोडून ते साहेबांचं भाषण मनात म्हणत बसले होते.

शनिवारी मी आले तेव्हा काका रंगमंचावर एकटेच होते आणि नवरदेवाची खुर्ची ओढत होते. लाल मखमलीची, सोनेरी हातांची, मागे मोराचा पिसारा. दुसरी खुर्चीच नव्हती तिथे. ती त्यांनी मधोमध, अगदी पुढे आणून ठेवली, तिच्यात बसले आणि वही उघडली. बहीणभाऊ भांडतील, आणि प्रॉम्प्टर उजेडात बसेल, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मला वाटलं सुयश आता पुन्हा चांदवडला जाणार. पण तो खुर्चीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, मी विंगेतल्या प्रॉम्प्टरला बंदी केली होती, हा विंगेत नाही.

रविवारी संध्याकाळी शंभरेक माणसं आली. तिसऱ्या रांगेत विमलाकाकू, शेजारी त्यांची मैत्रीण भागीबाई. पडदा उघडला आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पिसाऱ्याखाली बसलेले काका दिसताच जो हशा उसळला तो काही थांबेना. माझ्याही अंगात काहीतरी संचारलं. आम्ही भांडायला लागलो. लोक भांडणाला हसत होते आणि मधूनमधून काकांकडे बघत होते, की हा आता काय करणार.

पण काका काहीच करेनात. करणार काय? चार-पाच दिवस घोटून घेतल्यावर विसरतंय कोण? रुद्रची ती टाच एरवी माशीसारखी उडते, पण त्या दिवशी खिळा ठोकल्यासारखी जागेवर. सहा मिनिटं झाली. लग्नात कुणाकडून आलाय ते कुणालाच माहीत नाही अशा पाहुण्यासारखे काका नुसते बसून होते. मी हळूच तिसऱ्या रांगेत पाहिलं. काकूंना नवरा दिसत होता, पण तो करतो काय ते अजून दिसत नव्हतं. माझा धीर सुटला. मी ठरवलं की आता विसरायचं.

रुद्र म्हणाला, "विकून टाकू." माझं वाक्य होतं, किल्ली माझ्याकडे आहे. मी तोंड उघडलं, छताकडे पाहिलं, व्याकूळ झाले. मी विसरत नाही म्हणून मिरवणाऱ्या बाईने शंभर लोकांसमोर केलेला हा त्याग होता आणि मी वाट बघत राहिले.

काकांनी शब्द दिला नाही. चष्म्यावरून माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि नजर पुन्हा वहीत घातली. विसरलेल्याला शब्द द्यायचा असतो, सोंग करणाऱ्याला नाही. पाच सेकंद गेले, दहा गेले. सभागृह चिडीचूप. मौनाने ज्याला घाम फुटला होता तो हा माणूस निवांत बसलेला. मला इतका संताप आला की म्हटलं जाऊ दे, आपणच बोलावं, आणि वाक्य शोधायला गेले तर वाक्य नव्हतं. स्कूटर नव्हती, भाऊ कोण ते आठवेना, कुठलं नाटक ते आठवेना. डाव्या हाताने मी ओढणी ओढत होते आणि माझी खूण हीच, हे मला फार उशिरा कळलं.

मी श्वास घेतला. काका खुर्चीत किंचित पुढे झुकले आणि ओठ हलले. "किल्ली."

"किल्ली माझ्याकडे आहे," मी म्हणाले, आणि नऊ वर्षांत माझा असा आवाज कधी निघाला नव्हता. त्यांचा शब्द माझ्याशिवाय कुणालाही ऐकू गेला नाही. पण बुडणारी बाई वर आलेली सगळ्यांना दिसली आणि कुणी वर काढली तेही दिसलं. क्षणभराने जी टाळी पडली तिने रुद्र असा दचकला की त्याची टाच उचलली. काकांनी त्याला दिला. पुन्हा टाळी. त्या गडबडीत मी पुढचं वाक्य विसरले, तोही विसरला, लोक आता आमच्याकडे बघतच नव्हते, काका कधी झुकतात तेवढंच बघत होते, आणि झुकले की नाचायचे बाकी राहायचे. दहा मिनिटांचा प्रवेश बावीस मिनिटं चालला. मी इतकी कधी विसरले नव्हते आणि इतकी खूश कधी झाले नव्हते.

पडदा पडल्यावर मी आधी काकांवर तुटून पडले, की पहिल्यांदा का नाही दिला.

"तेव्हा तुम्ही विसरला नव्हता, ताई," ते शांतपणे म्हणाले. "नऊ वर्षांत पहिल्यांदाच खोटं विसरलात."

मी हिशोब करायच्या आत विमलाकाकू भागीबाईंना घेऊन वर आल्या. त्यांनी खुर्ची पाहिली. वही हातात घेऊन दोन पानं उलटली, शिसपेन्सिलीच्या खुणांवरून बोट फिरवलं.

"मला तर इतकी वर्षं वाटायचं, तुम्ही तिथं चहा वाटता," त्या म्हणाल्या.

काकांचे डोळे भरून आले. काकूंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या भागीबाईंकडे वळल्या आणि माझ्याकडे बोट करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला लागल्या, की ही बाई पार विसरली होती, हिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं, आमच्या यांनी तारलं. भागीबाईंनी खात्री करून घ्यायला माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हणाले. "मी नेहमीच विसरते."