बारावा प्रश्न

ऐंशीच्या दशकात मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात मुलाला बाहेरगावी शिकायला पाठवायचं तर आधी विचारपूस व्हायची. विद्यापीठाला पत्र टाकून माहितीपत्रक मागवता येत असे, पण छापील कागदावर कुणाचा विश्वास नव्हता. जो मुलगा आधीच तिकडे गेलेला असेल तो सुटीत आला की त्याच्या घरी जायचं, चहा घ्यायचा आणि त्याला खोदून खोदून विचारायचं. स्थळ बघायला जातात तसंच, फक्त इथे बघायचं ते विद्यापीठ. त्या उन्हाळ्यात तो मुलगा मी होतो.

बी.एस्सी.चं पहिलं वर्ष बालाघाटच्या कॉलेजात करून दुसऱ्या वर्षाला मी महाराष्ट्रातल्या एका मोठ्या विद्यापीठात बदलून गेलो होतो. त्याचं नाव घेत नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्याचा काही दोष नव्हता. घरची मराठी, शाळेतली हिंदी आणि खिशात मायग्रेशन सर्टिफिकेट, एवढी माझी तयारी. सीमेवरचं राजेगाव मागे पडून बस गोंदियाच्या रस्त्याला लागली तेव्हा मी फार खूश होतो, असं वडील सांगायचे. मला आठवत नाही.

बालाघाटात सर वर्गात आले की कोण कुणाचा मुलगा हे त्यांना तोंडपाठ असायचं. एक दिवस दांडी मारली तर संध्याकाळी बाजारात ते वडिलांना गाठायचे. तिकडे दीडशे जणांच्या वर्गात मी एक रोल नंबर होतो. सकाळी सायकल काढायची, नंबर आला की ‘यस सर’ म्हणायचं, दुपारी प्रॅक्टिकल, मग लायब्ररीत चिठ्ठी देऊन पुस्तकाची वाट बघत बाकावर बसायचं. रात्रीच्या जेवणाला मेसमध्ये रांग. पहिला महिनाभर घरची फार आठवण आली. मग ती यायची थांबली, आणि तिच्याबरोबर बाकीचंही सगळं थांबलं. एकदा चाचणीत मला बॅचमध्ये सगळ्यात जास्त मार्क मिळाले. तो पेपर मी घडी करून गादीखाली ठेवला आणि जेवायला गेलो. मेसच्या वरणात सलग तीन दिवस मीठ नव्हतं म्हणून पोरांनी आचाऱ्याशी भांडण काढलं, तेव्हा मला कळलं की वरणात मीठ नव्हतं. कशाचं दुःख नव्हतं, कुणाशी वैर नव्हतं. अभ्यास व्यवस्थित चालू होता. फक्त मला काही वाटत नव्हतं, आणि त्याचंही काही वाटत नव्हतं.

तर त्या उन्हाळ्यात शेजारचे काका विचारपूस करायला आमच्याकडे आले. जंगल खात्याच्या ऑफिसात कारकून होते. बरोबर त्यांची मुलगी. ती माझ्या मागे एक वर्ष, बालाघाटच्याच कॉलेजात. पहिल्या वर्षाला तिचा पहिला नंबर आला होता आणि तिची प्रॅक्टिकलची वही अर्धा वर्ग उतरवून घ्यायचा. तिला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायची होती. काकांनी सांगून ठेवलं होतं की बाहेर जायचं तर आत्ता दुसऱ्या वर्षालाच, नाहीतर इथेच पदवी आणि मग लग्न. मध्यममार्ग त्यांना ठाऊक नव्हता.

खिडकीतला कूलर घरघरत होता. ती माझ्या आईशेजारी बसली. काकांनी चष्मा लावून खिशातून कागद काढला.

‘‘मले तर यातलं काही समजत नाई बापा,’’ ते म्हणाले. ‘‘पोरीनंच लिहून देलं. मी वाचतो, तू सांग.’’

अकरा प्रश्न होते, सुबक अक्षरात. होस्टेलपासून कॉलेज किती लांब? लायब्ररीत मुलींना कितीपर्यंत बसू देतात? प्रॅक्टिकलला प्रत्येकाला वेगळं टेबल असतं की चौघांत एक? हिंदीतून शिकलेल्यांना सर सांभाळून घेतात का? मायग्रेशनला उशीर झाला तर तात्पुरता प्रवेश देतात का? असे. मी सगळ्यांची उत्तरं दिली, आणि ती खरी होती. होस्टेल पाच मिनिटांवर, लायब्ररी आठपर्यंत, टेबल दोघांत एक, सर सांभाळून घेतात, तात्पुरता प्रवेश देतात. माझ्या प्रत्येक उत्तराला ती मान हलवत होती. अकरावं उत्तर झालं तेव्हा तिचा चेहरा असा खुलला होता की आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

काकांनी कागद खिशात घातला. ‘‘हे झाले पोरीचे. आता माहा एक. सच-सच बताना. तुले कसं वाटते तिकडं?’’

‘‘काही वाटत नाई, काका.’’

‘‘म्हंजे? करमत नाई?’’

‘‘तसं नाई. काहीच वाटत नाई.’’

करमत नाही म्हटलं असतं तर ते हसले असते, होईल सवय म्हणाले असते. चांगलं वाटतं म्हटलं असतं तर प्रश्नच मिटला असता. ते उरलेला चहा न पिताच उठले. ती उठताना माझ्याकडे बघत होती. आई मला म्हणाली, ‘‘असं काहून बोलला तू?’’ मी म्हटलं, त्यांनी खरं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमची चाळणी परत द्यायच्या निमित्ताने आली. मी ओसरीवर होतो.

‘‘भैया, बाबा नाई म्हनून राह्यले. म्हंतेत, इतका हसता-खेळता पोट्टा तिकडं जाऊन असा झाला, तर पोरीचं काय होईन. तुमी एक बार सांगा ना त्याइले. झूठ नका बोलू. पन कॉलेज तर चांगलं आहे ना?’’

‘‘हौ, चांगलं आहे.’’

‘‘मंग तेवढंच सांगा. शनिवारपर्यंत सांगा, सोमवारी फॉर्मची शेवटची तारीख आहे.’’

‘‘हौ, सांगतो.’’

आमच्या आणि त्यांच्या फाटकात पंधरा पावलं असतील. शनिवारला चार दिवस होते. काका रोज संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे, मला ओसरीवरून दिसायचे. मला आठवण नव्हती असं नाही. रोज वाटायचं, म्हणजे वाटायचं तरी कसलं, डोक्यात यायचं की जायला पाहिजे, आणि मी बसून राहायचो. शनिवारी दिवसभर मी खाटेवर पडून होतो. आजारी नव्हतो. सोमवार गेला. जुलै लागल्यावर मी गोंदियाची बस धरली.

दिवाळीत आलो तर काकांनी फाटकातच हाक मारली आणि हात धरून आत नेलं. मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलगा भरवेलीच्या खाणीच्या ऑफिसात, घरी मोटारसायकल. काका खुशीत होते.

‘‘तुह्यामुळं वाचलो बापा,’’ ते म्हणाले. ‘‘बाकीचे पोट्टे नुसत्या फुशारक्या मारतेत. तू एकटा खरं बोलला. मी सगळ्याइले सांगतो, पोरगा असावा तर असा.’’

ती पेढ्यांची बशी घेऊन बाहेर आली. माझ्यापुढे धरली. मी एक उचलला.

‘‘भैया,’’ ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, काहीतरी पक्कं करून घ्यावं तसं तिनं विचारलं, ‘‘त्या शनिवारी तुमी घरीच होते ना?’’

काकांना काही कळलं नाही. ते माझ्याकडे बघून हसत होते.

‘‘हौ,’’ मी म्हटलं. ‘‘घरीच होतो.’’

तिनं मान हलवली आणि बशी आत नेली. तेव्हा मला लाज वाटली. वर्षभरात पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं, आणि काका म्हणत होते, घे ना, आणखी एक घे.